ध्वनियंत्रांची शुश्रूषा

वाईपासून कोसभराच्या अंतरावर, कृष्णेच्या काठी, मेणवली नावाचे लहानसे गाव आहे. नाना फडणिसांचा वाडा व त्यामागील घाट पाहावयास जे लोक तेथे जातात, त्यांस घाटावरील देवालयांपाशी एक भली मोठी घंटा टांगलेली आढळते. तिच्या अंगावर मेरीमाता व बाळ येशू यांची आकृती असून १७०७ हा सन कोरलेला आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई सर केली, तेव्हा पोर्तुगीजांच्या देवळांतून ज्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या त्यांपैकीच ही एक, असे मानतात. ज्या भट्टीत ती ओतली गेली ती भट्टी केव्हाच विझली. ज्या प्रार्थनेकरिता ती घडविली ती प्रार्थनाही तिला पारखी झाली. तथापि टोल दिला की तिचा नाद आजही घाटावर घुमतो. याचे कारण उघड आहे. मोडण्याजोगा भाग तिच्या ठायी जवळजवळ नाहीच. आणि आतील लोळी कधी काळी झिजलीच, तर एखादा चांगला लोहार दुसरी करून देऊ शकेल.

श्रोतेहो, ज्या यंत्राविषयी आज मी आपणांशी बोलू इच्छितो, त्याची स्थिती या घंटेच्या अगदी उलट आहे. सीडी वाजविण्याचे उंची यंत्र हे ते यंत्र होय. त्यास जन्मास येऊन अद्याप पुरती पन्नास वर्षेही झालेली नाहीत; परंतु एवढ्यातच त्याच्या कित्येक नामांकित जाती बाजारातून नाहीशा झाल्या. ज्या कारखान्यांनी ती घडविली, त्यांतील काहींनी तो उद्योगच सोडला व काहींनी सुटे भाग पुरविणे थांबविले. असे असूनही ज्या घरांतून ही यंत्रे जपलेली आहेत, तेथे ती अजून गातात. मालकाने वाऱ्यावर सोडलेले यंत्र जिवंत राहते ते कोणाच्या बळावर, हा आजचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर केवळ त्या एका यंत्राकडे पाहून मिळणार नाही. आपल्या मुलखात नाद निर्माण करणाऱ्या व साठविणाऱ्या वस्तू कोणत्या क्रमाने आल्या, आणि प्रत्येकीची डागडुजी कोणाच्या हाती होती, हे पाहिले पाहिजे. आपला मुलूख म्हणजे सातारा व सांगली. आज हे दोन जिल्हे असले, तरी १९४९ च्या ऑगस्टात दक्षिण सातारा निराळा होईपर्यंत यातील पुष्कळसा प्रदेश एकाच जिल्ह्यात मोडत होता; दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले ते १९६० मध्ये. कृष्णा मात्र पूर्वीपासून दोहोंस जोडून आहे. तिच्याच प्रवाहाबरोबर आपण मेणवलीहून खाली मिरजेस येऊ.

मिरजेत तंबोरे व सतारी बनविण्याचा उद्योग एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास सुरू झाला. तो सुरू करणारे लोक मुळात वाद्ये करणारे नव्हते. ते शिकलगार होते. तरवारींस धार लावावी, हत्यारांस पाणी द्यावे, हा त्यांचा परंपरागत धंदा. इंग्रजी अंमल बसला, तरवारी म्यानांत गेल्या आणि शिकलगारांच्या हातांस काम उरले नाही. मिरजेस त्या काळी पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने गवयांचा राबता होता, व गवयांची वाद्ये प्रवासात मोडत असत. फरीदसाहेब शिकलगारांचे नाव या उद्योगाच्या आरंभाशी जोडले जाते. मला यात विशेष महत्त्वाचे वाटते ते हे की, मिरजेचा कारागीर दुरुस्तीच्या वाटेने निर्मितीकडे गेला. ज्याने मोडलेली वस्तू वारंवार उघडली, त्यास ती पुन्हा घडविता आली. याच मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

तंबोऱ्याची प्रकृती पाहा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, वर लाकडी दांडी, चार खुंट्या, चार तारा आणि एक घोडी, एवढाच त्याचा संसार. तार तुटली तर नवी चढवावी. खुंटी घसरू लागली तर तिला खडू लावावा. भोपळ्यास चीर गेली तर आतून सांधावा. घोडीचा पृष्ठभाग तारांच्या घर्षणाने झिजला व नादातील गुंजन नाहीसे झाले, तर कानसेने हलक्या हाताने घासून जवारी पुन्हा खुलवावी. पूर्वी घोडी हस्तिदंताची असे. हस्तिदंत निषिद्ध झाल्यावर हाडाची व कृत्रिम पदार्थांची आली, आणि तंबोरा बोलतच राहिला. ज्यांच्या गळ्याने मिरजेचे नाव देशभर गेले, त्या खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचे वास्तव्य या कारागिरांच्या शेजारीच होते; वाद्यांच्या दुरुस्तीत खाँसाहेबांचा स्वतःचा हातही वाकबगार होता, असे त्यांच्याविषयी सांगतात. गाणारा व दुरुस्त करणारा यांच्यात त्या काळी फारसे अंतर नव्हते.

परंतु त्याच काळात सांगलीने एक निराळा अनुभवही घेतला. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचा अभ्यास करून १९१० मध्ये इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला. नेहमीच्या पेटीत आपल्या संगीताचे सूक्ष्म स्वर निघत नाहीत, ही त्यांची तक्रार होती. म्हणून क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या साहाय्याने त्यांनी एक खास श्रुतिपेटी विलायतेत बनवून घेतली. खाँसाहेबांनीही या प्रयोगात भाग घेतला. पेटी बुद्धीने असामान्य होती. पण ती रूढ झाली नाही. तिच्या श्रुतींविषयी गवयांत मतभेद होते, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण मला असे दिसते की, दहा गावांतील दहा कारागीर ज्या पेटीस हात घालू शकतात, ती पेटी टिकते. जिच्या पट्ट्यांची मांडणी चारदोघांसच उमगते, ती त्या चारदोघांबरोबर मुकी होते. उंची यंत्राची पहिली दुर्बलता त्याच्या उंचीतच असते.

यानंतर आला ग्रामोफोन. १९०२ मध्ये कलकत्त्यात गोहरजानच्या गाण्याच्या मुद्रिका निघाल्या, १९०८ पासून त्याच शहरी तबकड्या छापण्याचा कारखाना चालू झाला, आणि पाहता पाहता चावीचा फोनो आमच्याही पेठांतून गाऊ लागला. खाँसाहेब २७ ऑक्टोबर १९३७ रोजी प्रवासात असता निवर्तले व मिरजेस मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांचे दफन झाले. तथापि ओडियन कंपनीने मुद्रित केलेला त्यांचा आवाज तीन-तीन मिनिटांच्या तुकड्यांनी घरोघर राहिला. त्यांची झिंझोटी रागातील ठुमरी लहानपणी मुद्रिकेवर ऐकून भीमसेन जोशी गाण्याच्या शोधार्थ घराबाहेर पडले, ही हकिकत आपणांपैकी बहुतेकांस ठाऊक असेल. एका तबकडीने एका घराण्याची परंपरा पुढे नेली, असे म्हणावयास हरकत नाही. मात्र त्यासाठी ती तबकडी वाजविणारे यंत्र त्या क्षणी चालू असावे लागले.

ग्रामोफोन हे परके यंत्र असले, तरी ते आमच्या लोकांस परके राहिले नाही. त्याची कमान तुटली, तर घड्याळजी तुटलेले टोक विस्तवावर नरम करून त्यास नवे भोक पाडी व ती पुन्हा बसवी. साउंडबॉक्समधील रबर कडक झाले तर नवे कापून घालता येई. अभ्रकाची चकती फुटली तर दुसरी मिळे. वंगण सुकले तर राकेलने धुऊन नवे भरता येई. सुई तर दर बाजूस बदलावयाचीच असे. आपल्या देशात १९७० च्या आसपास या जुन्या वेगाच्या तबकड्या निघणे बंद झाले. परंतु यंत्रे मेली नाहीत. त्यांचे मरण कारखान्याच्या हाती नव्हते, कारण त्यांचा प्रत्येक भाग डोळ्यांस दिसत होता व बोटांस कळत होता. याच जिल्ह्यात किर्लोस्करवाडीस १९१० पासून लोखंड ओतले जात आहे. लोखंडाच्या यंत्रास लागणारा भाग आमच्या माणसांस घडविता येत होता.

आता सीडीच्या यंत्राकडे वळू. हॉलंडातील फिलिप्स व जपानातील सोनी या दोन कंपन्यांनी मिळून ही पद्धती सिद्ध केली, आणि १ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीचे पहिले यंत्र जपानात विक्रीस आले. तबकडी केवळ १२ सेंटिमीटर व्यासाची. परंतु तिच्यावरील खळग्यांची सर्पिल वाट उलगडली, तर तिची लांबी ५ किलोमीटरहून अधिक भरेल, म्हणजे सांगली ते मिरज या रस्त्याच्या सुमारे निम्मी. एका केसाच्या जाडीत या वाटेचे चाळीसएक फेरे मावतात. आवाजाचे सेकंदास ४४,१०० नमुने घेऊन प्रत्येकाचे मोजमाप आकड्यांत लिहिलेले असते, आणि हे आकडे सुईने वाचावयाचे नसून लेसरच्या अदृश्य किरणाने वाचावयाचे असतात. तबकडी फिरताना किंचित वरखाली होते, किंचित डुलते; तेव्हा किरणापुढील बारीक भिंग दोन नाजूक वेटोळ्यांच्या ओढीने क्षणोक्षणी जागा बदलीत त्या वाटेवर नजर रोखून ठेवते. यंत्र दुरुस्त करणारे लोक या भागास ‘डोळा’ म्हणतात, आणि त्याहून नेमका शब्द मला सुचत नाही.

हा डोळा आमच्या मुलखात घडत नाही. किर्लोस्करवाडीच्या भट्टीत नांगराचा फाळ ओतता येतो. लेसर ओतता येत नाही. तो थोड्याच कारखान्यांत बनत असे, आणि जगातील अनेक नामांकित यंत्रांस त्यांचाच डोळा बसविलेला असे. फिलिप्सने १९८० नंतरच्या दशकात जड ओतीव धातूच्या सांगाड्याचे व काचेच्या भिंगाचे जे वाचक-भाग केले, त्यांची कीर्ती अद्याप आहे. पण ते आता होत नाहीत. आकड्यांचे पुन्हा आवाजात रूपांतर करणारी ‘टीडीए १५४१’ ही त्यांची गाजलेली चकती, तीही बंद झाली. स्कॉटलंडच्या लिन या कंपनीने २००९ मध्ये सीडीची यंत्रे बनविणे थांबविले. यंत्र अधिक सूक्ष्म झाले, तसतसे त्याच्या आयुष्याचे सूत्र आपल्या पेठेपासून दूर गेले: प्रथम गावाबाहेर, मग देशाबाहेर, आणि शेवटी ज्या देशात ते होते तेथूनही नाहीसे झाले.

मग आमच्या कारागिराने काय करावे? येथे एक स्वतःचा अनुभव सांगतो. माझ्या घरी १९८८ सालचे एक विलायती यंत्र आहे. एका पावसाळ्यात ते तबकडी वाचीना. एका मोठ्या दुकानात नेले, तेव्हा त्यांनी झाकण न उघडताच ‘भाग मिळत नाहीत, टाकून द्या’ असा निकाल दिला. निराश होऊन मी ते सांगलीच्या पेठेतील एका वृद्ध रेडिओ-दुरुस्तीवाल्यांकडे नेले. त्यांनी ते उघडले, चष्मा पुसला, भिंगही पुसले. ज्या दांड्यांवरून डोळा सरकतो त्यांवरचे वंगण डिंकासारखे घट्ट झाले होते, ते काढून नवे लावले, आणि तबकडी घातली. यंत्र गाऊ लागले. मी म्हणालो, “काका, ते तर डोळा गेला म्हणत होते.” ते म्हणाले, “साहेब, डोळा शाबूत आहे. पापणीवर धूळ बसली होती. माणसं पापणी उघडायच्या आधीच सुतक धरतात.”

त्यांच्यापाशी बसून मी जे शिकलो, त्यातील सार आपणांपुढे ठेवतो. अशा यंत्राचे आजार बहुधा साधेच असतात. कप्पा आत-बाहेर करणारा रबरी पट्टा सैल होतो. तो मापाचा दुसरा मिळतो. कंडेन्सर सुकतात किंवा पाझरतात, तेही मिळतात. त्या दशकातील काही युरोपीय यंत्रांत पाटीची वरची व खालची बाजू जोडण्यास बारीक पोकळ रिवेटी वापरीत. उष्णतेने त्यांचा डाख भेगाळतो व यंत्र मधूनच बंद पडते. प्रत्येक रिवेटीतून तार ओवून नवा डाख दिला की हे दुखणे कायमचे जाते. हे सारे आमच्या हातांस साध्य आहे. जे करू नये तेही सांगतो. डोळा मंद झाला की लेसरचा प्रवाह वाढवून त्यास चेतविण्याचा मोह होतो. तसे केल्याने चार दिवस गाणे ऐकू येते व पुढे काळोख होतो. जो दुरुस्त करणारा प्रथमच त्या स्क्रूकडे हात नेतो, त्याच्याकडून यंत्र परत आणावे.

पुढे एक दिवस माझ्या यंत्राचा डोळा खरोखरच गेला. तेव्हा काकांनी माळ्यावरून त्याच जातीचे एक मृत यंत्र काढले व त्याचा डोळा माझ्या यंत्रास दिला. मला आनंद झाला. त्यांना झालेला दिसला नाही. ते म्हणाले, “हे शेवटचं नव्हे, पण शेवटाकडचं आहे. एक मेल्याखेरीज दुसरं जगत नाही, असा हा धंदा झाला.” श्रोतेहो, या वाक्यात मिरजेचा तंबोरा व हे यंत्र यांच्यातील सगळे अंतर आले. तंबोऱ्याचा कारागीर दुरुस्ती करतो तेव्हा जगातील तंबोरे कमी होत नाहीत. येथे मात्र समजा दहा बंद यंत्रे असली, तर त्यांतून सहा चालू होतील. काही वर्षांनी त्या सहांतून तीन. अशी दुरुस्ती म्हणजे मरण पुढे ढकलणे होय. पण वैद्य तरी याहून निराळे काय करतो? पुढे ढकललेल्या वर्षांत काय साधले, यावरच त्याचे मोल ठरावयाचे.

त्या वर्षांत साधावयाचे काय, हे आता सांगावयास हवे. कोणी म्हणेल की, गाणे आता मागताक्षणी दुरून घरात येते. मग या जुन्या पेटाऱ्याचा हट्ट कशासाठी? बाजारातील गाण्यापुरता हा आक्षेप मी मान्य करीन. खाँसाहेबांच्या मुद्रिकाही पुढे सीडीवर आल्या व तेथून इतरत्र गेल्या. त्यांस आता भय नाही. परंतु २००० च्या आगेमागे कितीतरी घरांनी आपल्या जुन्या कॅसेटी घरगुती सीडींवर उतरवून घेतल्या: आजीच्या ओव्या, एखाद्या वाड्यातील मैफल, वडिलांनी केलेले भाषण, गावच्या उत्सवातील कीर्तन. कॅसेटी मग टाकून दिल्या गेल्या. या घरगुती तबकड्यांत खळगे नसतात. रंगाच्या थरावर किरणाने उमटविलेल्या खुणा असतात, आणि तो रंग उन्हाने व काळाने विटतो. त्यांची दुसरी प्रत जगात कोठेही नाही. अशी तबकडी विटू लागली, की सामान्य यंत्र ती नाकारते. चांगले जपलेले, नीट जुळविलेले यंत्र पुष्कळदा अजून वाचते. त्या वाचनातूनच नवी प्रत करून घ्यावयाची असते. यंत्र जिवंत ठेवण्याचे खरे प्रयोजन हे आहे.

आणि आमच्याकडे काळाखेरीज दुसराही एक शत्रू आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. २००५ मध्येही महापूर आला होता, २०२१ मध्ये पुन्हा आला. घरांत गाळ शिरला, वाचनालयांतील ग्रंथ भिजले. ज्या कपाटांत तबकड्या व यंत्रे होती ती कपाटे तरंगली. अशा वेळी काय करावे, हे माहीत नसल्याने पुरापेक्षा पुरानंतर अधिक नाश होतो. भिजलेल्या यंत्रास वीज देऊन पाहू नये. झाकण काढावे, गाळ वाळण्यापूर्वी स्वच्छ पाण्याने धुवावा, सावलीत बरेच दिवस वाळू द्यावे, आणि जाणत्याने तपासल्यावाचून कळ दाबू नये. तबकडी साध्या पाण्याने धुऊन मऊ कापडाने मध्यापासून काठाकडे सरळ पुसावी, गोल फिरवून पुसू नये. पुष्कळांस ठाऊक नसते की, तबकडीची चकाकणारी बाजू त्यामानाने चिवट असते. नाजूक असते ती वरची, नाव छापलेली बाजू, कारण धातूचा तकतकीत थर तिच्याच लगत असतो. म्हणून तिच्यावर टोकदार लेखणीने लिहू नये.

शेवटी एक गोष्ट. जी यंत्रे बिघडली म्हणून आज माळ्यावर आहेत, ती फेकण्यापूर्वी एखाद्या कारागिरास विचारावे. आपल्या घरचे मृत यंत्र दुसऱ्याच्या घरचा डोळा होऊ शकते. जी चालू आहेत, ती जपून ठेवण्याच्या नावाखाली बंद ठेवू नयेत. कंडेन्सर निजून राहिल्याने बिघडतात, वंगण न हलल्याने थिजते. आमच्या काकांनी प्रत्येक यंत्राच्या झाकणाच्या आत कागद चिकटविला आहे: कोणत्या दिवशी काय बदलले, काय बदलले नाही. आपल्या पश्चात उघडणाऱ्याकरिता तो आहे, असे ते म्हणतात. तरवारीस धार लावणाऱ्या हातांनी एकदा मिरजेत सतार धरली. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या हातांजवळ आज कोणी तरुण शिकावयास बसला, तर तो पुढे काय धरील हे आपण सांगू शकत नाही. पण त्यास बसावयास जागा हवी, व समोर उघडलेले यंत्र हवे.

तेव्हा या रविवारी कपाट उघडा, आजीच्या आवाजाची ती तबकडी शोधून काढा, आणि यंत्र अजून वाचते का ते पाहा. वाचत असेल, तर त्याच दिवशी तिची प्रत करवून घ्या.